काहिलीसमोर दोन कॅमेरे

वडणग्यात, बाळगोंडांच्या गुऱ्हाळावर
पहाटे पावणेचारला ट्रायपॉड रोवला.
आडव्या पट्टीवर दोघे शेजारी,
जुना डावीकडे, नवा उजवीकडे,
भिंगं सारखी, शटर पंधरावर,
दोघांना मिळून एकच रिमोट.
"दोन कशाला रं?" बाळगोंडा म्हणाले,
"एकाला दिसत न्हाई व्हय?"

तेच तर बघायचं होतं.
जुना उद्या निहाल अत्तार घेऊन जाणार,
त्याला कोडोलीकडची लग्नं मिळू लागलीत.
देण्याआधी एकदा दोघांच्या डोळ्यांत
एकच जाळ घालून बघावा म्हटलं.

सेन्सर दोघांचाही टपालाच्या तिकिटाएवढा.
जुन्यात साठ लाख घरं,
नव्यात दोन कोटी चाळीस लाख.
नव्यात जो तो आपला उजेड
आपल्याच उंबऱ्यात मोजतो.
जुन्यात तसं नाही.
तिथं उजेड शेजाऱ्याच्या ओंजळीत द्यायचा,
त्यानं पुढच्याच्या,
ओळीनं, खाली, कोपऱ्यापर्यंत,
आणि मोजणारा तिथं एकटाच बसलेला.

पुराच्या साली शुक्रवार पेठेत
आम्ही असेच उभे होतो, छातीभर पाण्यात.
स्टुडिओतले अल्बम, दिवे, निळा पडदा,
वरच्या मजल्यावरच्या मुल्लाणींची शिलाई मशीन,
सगळं हातोहात जिन्यापर्यंत.
शेवटच्यानं मोजलं, एक अल्बम कमी.
कुणाच्या हातून सुटला
हे आजवर कुणी कुणाला विचारलेलं नाही.

दुपारी दोन्ही फोटो पडद्यावर लावले.

जुन्यात जाळ पांढराफेक,
आत काही नाही, कागदच.
पण फेसाचा रंग!
तांब्याच्या घंगाळात ऊन सांडावं तसा,
आणि बाळगोंडांचा गाल त्या रंगात पिकलेला.
त्यांच्या पाठीमागं काळोख. बास.
तो कोपरा ओढून उजळवला
तर नुसती रेती, लाल-हिरवी, किरकिरी.

नव्यात जाळाला पाकळ्या होत्या,
बुडाशी निळ्या.
फेस जरा फिका, आजाऱ्यासारखा.
आणि कोपरा उजळवत नेला
तसा उजळत गेला, कुरकुर न करता,
चिपाडांचा ढीग, दोरी, बादली,
गुळव्या सत्तूबा,
आणि त्याच्या दातांत पांढऱ्या पिशवीचं टोक,
फाडताना.

चुना असेल, मी स्वतःलाच म्हणालो.
चुन्याचा डबा त्याच चौकटीत उजवीकडे होता,
झाकण लावलेला,
झाकणावरची गंजाची कड मोजता येत होती.

फोटो खोक्यावर छापायचा होता.
खोक्यावर मजकूर आधीच ठरलेला:
'रसायनमुक्त. काहिलीतून थेट तुमच्या ताटात.'

बाळगोंडांना ठाऊक होतं का?
नव्यानं त्यांची पाठ दाखवली, सदऱ्यावरचा घाम दाखवला,
पाठीला डोळे आहेत का ते
दोन कोटी चाळीस लाख घरांत
कुठल्याच घराला सांगता येईना.

मी जुन्यातला पाठवला.
संध्याकाळी त्यांचा फोन, "नादखुळा आलाय! रंग बघ की रंग!"
दुसऱ्या दिवशी पोरगा पाच किलोची ढेप ठेवून गेला.
पिवळीधमक.
त्याच गुळाचा चहा निहालसमोर ठेवला.

त्यानं कॅमेरा कानाशी धरून शटर वाजवलं,
म्हशीचे दात बघावेत तसा उलटासुलटा केला.
"काय खोट हाय काय, काका?"
"आहे," म्हटलं. "अंधारात कमी दिसतं याला."
"मग पाचशे कमी करा की."

पाचशे कमी केले.
बशीत चहा ओतून त्यानं तो फुरक्यानं संपवला.
माझा कपात तसाच होता.
नवा कपाटात, कार्ड त्याच्यातच,
पुसलेलं नाही.